माझ्या मेव्हण्याची शांती

माझ्या मेव्हण्याला माझं मराठी फार आवडायचं. धाकट्या बहिणीचा नवरा तो. बेळगावात उद्यमबागेत कारखान्यांना सुटे भाग करून देणारं त्याचं मशीन शॉप, हाताखाली बरीच माणसं, शहरात मान. तोंडावर मी त्याला कायम अहोजाहो करत आले. इथं लिहिताना करणार नाही. तेवढी मुभा मी घेते.

मी निपाणीत राहते. मराठी शाळेत मराठीच शिकवते. आमच्या घरात कैक पिढ्या मराठी बोलतात. अम्माला धड हिंदीसुद्धा येत नाही. बहीण मला आक्का म्हणते, कारण गल्लीतल्या सगळ्या पोरी आपल्या थोरल्या बहिणींना आक्का म्हणायच्या. तरी अजून कुणी नवा माणूस भेटला, चार वाक्यं बोलून झाली आणि माझं नाव त्याला कळलं, की तो डोळे मोठे करून म्हणतो, तुम्ही वाटत नाही हो. हे तो कौतुक म्हणून म्हणतो. पूर्वी मी हसायचे. आता हसत नाही.

तर मेव्हणा. दर वर्षी रमजान ईदच्या सुमाराला तो बेळगावात एक मोठा हॉल घेऊन कार्यक्रम करायचा. स्टेजवर हिरवा-पांढरा फलक, त्यावर शांतीबद्दल काहीतरी. पोलीस अधिकारी, नगरसेवक, प्राध्यापक, डॉक्टर अशा इतर धर्मांच्या पाहुण्यांना खास आमंत्रण. भाषणं झाली की शिरखुर्मा. एका वर्षी त्याचा फोन आला. म्हणाला, "आपा, विषय तुमच्यासाठीच राखून ठेवलाय. इस्लाममध्ये शांतीचा अर्थ. तुमच्यासारखं मराठी आमच्यात कुणाचं न्हाय."

मला आनंद झाला होता, हे खरं आहे. मी चार दिवस बसून भाषण लिहिलं. सलाम आणि इस्लाम हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेत, त्या मुळात सुखरूप असण्याचा अर्थ आहे, हे सांगितलं. सलाम म्हणजे नुसता नमस्कार नव्हे, ती हमी आहे, असं सांगितलं. मी दारात उभी राहून तुम्हाला सलाम करते तेव्हा मी म्हणत असते की माझ्यापासून तुम्हाला अपाय नाही, तुम्ही निर्धास्त राहा. ज्याच्या हातापासून आणि जिभेपासून माणसं सुरक्षित आहेत तो मुसलमान, अशी ओळख खुद्द पैगंबरांनी सांगितली आहे, हेही सांगितलं. टाळ्या पडल्या. मेव्हणा स्टेजवर उजवा हात छातीवर ठेवून, मान किंचित झुकवून बसला होता.

खाली उतरल्यावर शिरखुर्म्याची वाटी हातात घेऊन एक निवृत्त गृहस्थ माझ्यापाशी आले. म्हणाले, सगळे तुमच्यासारखे असते तर प्रश्नच नव्हता. मी धन्यवाद म्हटलं. जनावरांच्या बाजारात गिऱ्हाईक बैलाचं तोंड उघडून दात बघतं, तसं काहीतरी आपलं झालं, एवढं त्या क्षणी जाणवलं. तरी पुढची दोन-तीन वर्षं मी बोलायला जात राहिले. भाषण तेच. लोक बदलायचे, ते वाक्य बदलायचं नाही.

मेव्हणा शांत माणूस होता. हे सगळ्यांचंच मत. त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. शॉपमधले कामगार मालक देवमाणूस आहे म्हणायचे. आमच्याकडं आला की चपला दारात जोडीनं लावून ठेवायचा, टोकं बाहेरच्या बाजूला करून. एकदा अम्माच्या हातून काचेचा ग्लास फुटला तर स्वतः खाली बसून एकेक तुकडा वेचला. पांढराशुभ्र इस्त्रीचा कुर्ता, अत्तराचा जड वास, बोलताना तोंडात बडीशेप. अम्मा म्हणायची, "असा शांत जावई मिळायला लई नशीब लागतं."

आणि माझी बहीण म्हणजे लहानपणी आगीचा लोळ. दप्तर फेकायची, माझ्या वेण्या ओढायची, भाकरी आधी कुणाला यावरून रान उठवायची. लग्नानंतर ती हळूहळू गप्प होत गेली. माहेरी आली की कोपऱ्यात बसून लसूण सोलायची. मूल झालं नाही, त्याचं दुःख असेल, असं आम्ही म्हणायचो. अम्मा म्हणायची, पोरगी संसारात मुरली.

त्या वर्षी ईदला थोडे दिवस होते. कार्यक्रमाचं आमंत्रण छापून झालं होतं, माझं नाव त्यात होतं. मी दुपारी शाळेतून येऊन रिक्षातून उतरतेय तर बहीण आमच्या पायरीवर बसलेली. सोबत एक पिशवी. बुरख्याच्या आत डावा हात उजव्या हातानं धरून ठेवलेला. आत जाऊन तिनं बुरखा काढला, तेव्हा मी हात पाहिला. कोपरापासून मनगटापर्यंत सुजून काळानिळा झाला होता. बोटं मिटत नव्हती. बेळगावपासून ती तशीच बसमध्ये उभी राहून आली होती. वाटेत काकतीला जागा मिळत होती म्हणाली, पण शेजारी बसणाऱ्याचा धक्का लागेल म्हणून बसली नाही.

डॉक्टरांकडं नेलं. फोटो काढून त्यांनी हाड मोडल्याचं सांगितलं आणि कसं झालं म्हणून विचारलं. मी काहीतरी सावरून सांगणार होते, पण तीच बोलली. "नवऱ्यानं पिरगाळला." दवाखान्यात बाकीचे पेशंट बसले होते, सगळ्यांनी माना वळवल्या. तिचा तो मोठा आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

प्लास्टर घालून घरी आणलं. पुढं दोन दिवस स्वयंपाकघरात, मी भाजी चिरत असताना, तिनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मी मधे विचारलं, की त्याला एवढा राग कशाचा येतो.

"राग येतच न्हाय आक्का. राग आला असता तर बरं झालं असतं."

तो संध्याकाळी शॉपवरून यायचा. उंबऱ्यावर उभा राहून सलाम करायचा, जिन्यातल्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. मग दार लावायचा. हातपाय धुवायचा. आज काय काय केलंस विचारायचा. मग एखादी गोष्ट काढायचा. लोणच्याच्या बरणीचं झाकण सैल राहिलं. फोनवर अम्माशी जास्त वेळ बोललीस. गॅलरीत उभी होतीस. हे सगळं अगदी हळू आवाजात. मग तिचा हात धरायचा. ओरडू नकोस म्हणायचा, शेजारी नमाज पढत असतील. आणि ती ओरडायची नाही. नंतर तो म्हणायचा, आता तोंड धुऊन घे, मी चहा ठेवतो. आणि खरंच ठेवायचा.

"त्याचा सलाम जिन्यातनं ऐकू आला की माझ्या हातातली भांडी वाजायला लागायची," ती म्हणाली.

मला तोंडात कळकलेल्या ताकाची चव आली. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की जी चव येते, ती. मी उठून चूळ भरली. गेली नाही. ते भाषण मी त्या माणसाच्या शेजारी उभी राहून केलं होतं. हमी हा शब्द मी त्याच्याकडं हात करून उच्चारला होता, कारण तो यजमान होता.

अम्मा पहिल्या दिवशी खूप रडली. लेकीचे केस तिनं स्वतः विंचरले, तिला भरवलं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना म्हणाली, "पण घर मोडायचं न्हाय हं. घर मोडायला अक्कल लागत न्हाय."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी रात्री, रोजा सोडल्यावर, आमचे चाचा आले. वडलांच्या मागं घरातले थोरले तेच. त्यांच्याबरोबर जमातीतली तीन जाणती माणसं. मेव्हण्यानं त्यांना फोन करून सगळं नीट, मऊ शब्दांत सांगितलं होतं. बायको पायऱ्यांवरून पडली, मनानं जरा खचलीय, मूलबाळ नाही, त्यामुळं काहीबाही बोलते. आमच्या छोट्या खोलीत ते ओळीनं बसले. प्रत्येकानं आत येताना सलाम केला, अम्मानं पदर सावरत उत्तर दिलं. मी चहा आणि खारी ठेवली.

आधी कुणी विषयाला हात घालेना. मग चाचांनी सुरुवात केली. कार्यक्रम तोंडावर आलाय, अर्धं शहर येणार, कमिशनरपासून सगळे. अशा वेळी ही गोष्ट बाहेर गेली तर कौमची बदनामी. आधीच दिवस कसे आहेत ते बघा. आणि समेट उत्तम, हे काय आम्ही म्हणत नाही, किताबात लिहिलंय. दुसरे एक जण खारी चहात बुडवून खात होते, ते मान हलवत म्हणाले, जावई आपल्यासमोर कुराणावर हात ठेवायला तयार आहेत, अजून काय पाहिजे.

मी म्हटलं, त्याच किताबात दुसरीकडं न्यायानं समेट करा असं लिहिलंय. न्यायानं हा शब्द का गाळता. त्यावर तिसरे हसले. बाईंचं मराठी चांगलं आहे, पण दीन-धर्म म्हणजे शाळेचं पुस्तक न्हवं, म्हणाले. बाकीचे हसले. चाचाही हसले. खारीचा चुरा त्यांच्या दाढीत अडकला होता आणि हसताना तो कुर्त्यावर पडत होता. माझ्याच घरात, माझाच चहा पीत बसलेली ही माणसं मला किळसवाणी वाटली. ती वाईट माणसं नाहीत. आमच्या अब्बांच्या मयतीला खांदा त्यांनीच दिला होता. पण त्या चुऱ्याकडं बघवेना.

तेवढ्यात बहीण आतून आली. प्लास्टरचा हात गळ्यात बांधलेला. ती बसली नाही. चाचांच्या समोर उभी राहिली.

"चाचा, तुम्ही आत येताना सलाम केलासा. म्हंजे काय म्हणालासा?"

चाचा गोंधळले. म्हणाले, म्हंजे काय, सलाम केला.

"माझ्याकडनं तुला काय धोका न्हाय, असं म्हणालासा. लहानपणी अरबी शिकवताना उस्तानीनं आम्हाला हेच सांगितलंय. मग आता मला परत त्याच्याकडं धाडायचं असंल तर धाडा. पण जाताना पुन्हा सलाम करू नगासा. खोटं हुतंय."

मग चाचा म्हणाले, आवाज खाली ठेव, बाहेर ऐकू जाईल. एवढंच त्यांना सुचलं. ती म्हणाली, मी जात न्हाय, आणि आत निघून गेली. ते चौघं थोडा वेळ बसले, ईदनंतर बघू म्हणाले आणि उठले. सलाम कुणी केला नाही. अम्मा मात्र माझ्यावरच चिडली, पाहुण्यांना दुसरा कप विचारला नाहीस म्हणून.

मी मेव्हण्याला फोन करून भाषणाला येणार नाही म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही, त्याला माहीत होतंच. तो म्हणाला, "काही हरकत न्हाय आपा. तब्येत सांभाळा. तिलाही माझा सलाम सांगा." आवाजात एक सुरकुती नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा काढून मी बहिणीला बेळगावला घेऊन गेले. तक्रार तिथंच करायला लागणार होती, कारण घडलं तिथं. ठाण्यातले अधिकारी सभ्य होते. खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. त्यांच्या मागच्या भिंतीवर शांतता समितीच्या बैठकीचा फोटो होता. सणांच्या आधी ठाण्यात सगळ्या समाजांची माणसं बोलावून अशी बैठक घेतात. फोटोत साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत मेव्हणा. पांढरा कुर्ता, छातीवर हात.

बहिणीनं नवऱ्याचं नाव सांगितलं तसा साहेबांचा पेन थांबला. त्यांनी फोटोकडं बघितलं नाही, पण मला कळलं. कन्नडमध्ये त्यांनी हवालदाराला दार ओढून घ्यायला सांगितलं. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "स्वल्प अडजस्ट माडी मेडम." थोडं सांभाळून घ्या. मग हिंदीत, मराठीत, कन्नडमध्ये, सगळं मिसळून त्यांनी समजावलं. दोन्हीकडचे सण जवळ आलेत. बंदोबस्त लागलाय. हा माणूस मोहल्ल्यात शांतता ठेवायला आम्हाला मदत करतो. उद्या त्याच्यावर गुन्हा लागला, पेपरात आलं, की समोरची पोरं त्यावरून फलक लावतील, तुमची पोरं रस्त्यावर येतील, दगड पडतील. त्रास कुणाला होणार, तुमच्याच लोकांना.

सगळ्यात जास्त शिसारी मला इथं आली. कारण ते खोटं बोलत नव्हते. असं होऊ शकलं असतं. गावाची शांतता माझ्या बहिणीच्या मनगटावर उभी होती आणि ते मनगट हललं तर सगळं कोसळेल, असं एक वर्दीतला माणूस मला समजावत होता आणि मला ते समजत होतं. आमच्या समाजाच्या माणसांनी बदनामीची भीती घातली, यांनी दंगलीची. दोघांचा सल्ला मात्र एकच.

अखेर त्यांनी अर्ज म्हणून लिहून घेतलं, गुन्हा म्हणून नाही. निघताना बहिणीनं फोटोकडं बोट करून विचारलं, ह्यात ते कोण म्हणून बसलेत. साहेब म्हणाले, समाजाचे प्रतिनिधी. ती म्हणाली, मी पण त्याच समाजाची हाय. साहेब ऐकू न आल्यासारखे फाईल बघायला लागले.

कार्यक्रम झाला. ईदच्या सुट्टीनंतर मी शाळेत गेले तर फोनवर शिक्षकांच्या ग्रुपमध्ये त्याचा व्हिडिओ आलेला. माझ्याच एका सहकारी बाईंनी टाकला होता, कौतुकानं. खाली लिहिलं होतं, आपल्या बाईंचे मेव्हणे, किती सुंदर विचार. मी स्टाफरूममध्ये बसून तो बघितला.

भाषण त्यानंच केलं होतं. भाषण माझं होतं. शब्द न् शब्द. त्यानं मागच्या वर्षीचा माझा कागद मागून घेतला होता, पुस्तिकेत छापू म्हणून. सलाम म्हणजे हमी, इथपर्यंत तो आला आणि थांबला, टाळ्यांसाठी. टाळ्या पडल्या. मग हाताचं आणि जिभेचं वाक्य. ते म्हणताना त्यानं उजवा हात वर करून तळवा लोकांना दाखवला. मी कधी तसं केलं नव्हतं. ती भर त्याची.

मी खाली लिहायला घेतलं. याच हातानं माझ्या बहिणीचं, एवढं लिहिलं. आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे मला माहीत होतं. सकाळी सुविचार आणि दुपारी आमच्याबद्दल काहीतरी विषारी पुढं ढकलणारे दोघं-तिघं त्यात होते. त्यांना माझं एक वाक्य पुरलं असतं. माझ्या बहिणीच्या हाताचा त्यांनी झेंडा केला असता. बघा यांची शांती, म्हणून तो गावभर फिरला असता, आणि त्यातल्या एकालाही तिच्या हाताचं दुखणं लागलं नसतं. म्हणजे मेव्हण्याचं झाकायचं तर मी त्याच्या बाजूची, आणि उघडं करायचं तर यांच्या बाजूची. तोंडात आलेलं थुंकायलासुद्धा मला माझी म्हणून जागा नव्हती.

मधल्या सुट्टीत मी त्या बाईंना बाजूला नेलं आणि सांगितलं. त्या हिंदू, बेळगावजवळच्या खेड्यातल्या शेतकरी घरातल्या, माझ्याहून लहान. त्यांनी आधी खोलीचं दार लावलं. सगळं ऐकताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्यात अशा बाईला सोशिक म्हणत्यात. माझी मावशी लई सोशिक हुती. त्यातच गेली." त्यांनी फोन काढून व्हिडिओ ग्रुपमधून पुसून टाकला. कुणी विचारलं तर चुकून गेला सांगते, म्हणाल्या. बहीण सोडली तर त्या सगळ्या दिवसांत मला एवढ्या एकाच माणसाची किळस आली नाही.

बहिणीनं खुला मागितला. बायकोनं लग्नातून मोकळं होणं मागायचं, त्याला आमच्यात खुला म्हणतात. तिचा हक्क आहे तो. पण त्यासाठी तिला कितीदा तरी बेळगावला खेपा घालायला लागल्या. मेव्हणा नाही कधीच म्हणाला नाही. आज शॉपवर ऑर्डर आहे, आज काझीसाहेब नाहीत, आज माझं मन तयार नाही, असं करत त्यानं महिने काढले. प्रत्येक वेळी आलेल्यांना स्वतः पाणी दिलं. शेवटी बहिणीनं हक्काचं सगळं सोडलं तेव्हा त्यानं मान डोलावली. सही करताना सगळ्यांसमोर म्हणाला, मी तिला माफ केलं. जमलेल्यांपैकी दोघांनी सुब्हानअल्लाह म्हटलं. मी उठून बाहेर रस्त्यावर आले.

आता ती माझ्याकडं असते. तयार कपडे शिवणाऱ्या एका बाईंकडं काम करते. मनगट थोडं वाकडं जुळलंय, जाड कापड धरताना त्रास होतो. आणि ती पुन्हा भांडायला लागलीय. नळाचं पाणी मी आधी भरलं म्हणून, डाळीत मीठ कमी पडलं म्हणून, टीव्हीचा आवाज मोठा म्हणून, लहान म्हणून. भांडी आपटते. मीही काही कमी नाही. शेजारीण एकदा काळजीनं बघायला आली होती. अम्मा कपाळाला हात लावून म्हणते, घरात शांतता म्हणून राहिली न्हाय. मी सांगत नाही, पण तिच्या ओरडण्याचा मला कधी वीट आला नाही.

गेल्या वर्षी चाचा आले आणि सहज बोलावं तसं बोलून गेले की जावयाचं जमलंय. अजून ते त्याला जावईच म्हणतात. मुलगी संकेश्वरची, गरिबाघरची, वयानं बरीच लहान. बहीण घरी आणलेले कपडे शिवत होती, तिनं मशीन थांबवली. चाचा गेल्यावर म्हणाली, आक्का, मला संकेश्वरला जायचंय.

आम्ही रविवारी गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. मुलीच्या आईनं आम्हाला बसायला चटई घातली, सरबत केलं. आम्ही कोण हे सांगितल्यावर तिचा हात जरा थांबला, पण उठून जा म्हणाली नाही. बहिणीनं सगळं सांगितलं. रडली नाही, वाढवून सांगितलं नाही. बाही वर करून मनगट दाखवलं. मुलीचे वडील भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मनगट नीट बघितलं, जसं एखादी वस्तू घेण्याआधी बघतात. म्हणाले, "तुमचं नशीब तसं हुतं बाई. प्रत्येकाचं येगळं असतंय." आई म्हणाली, आम्ही चौकशी केलीय, मशिदीत विचारलं, शॉपवरच्या कामगारांना विचारलं, सगळे एकच सांगतात. माणूस शांत हाय. दारू न्हाय, शिवी न्हाय. आणि एवढं बोलून तिनं आम्हाला जेवूनच जावा म्हणून आग्रह केला. तो आग्रह मला सहन झाला नाही. मी उठले.

बाहेर धुण्याच्या दगडापाशी ती मुलगी उभी होती. आतलं सगळं तिनं ऐकलं असणार. बारीक, उंच, ओले हात ओढणीला पुसत. आम्ही जवळून जाताना तिनं बहिणीला हळूच विचारलं, "त्यांना राग कशाचा येतो, ते सांगा न्हवं. मी तेवढं करणार न्हाय."

बहीण म्हणाली, "राग येत न्हाय त्याला. तू काहीच केलं न्हाईस तरी तो हात धरणारच." मुलीला ते कळलं की नाही, सांगता येत नाही. बहिणीनं तिचा फोन मागून घेतला आणि त्यात स्वतःचा नंबर घातला. कधीही कर म्हणाली. कुठल्याही वेळेला. मी बस पकडून येते. घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन तिनं सगळं सरबत ओकून टाकलं.

लग्न झालं. चाचा जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन आमच्याकडं हजर. खुर्चीत बसून जेवणाचं वर्णन करायला लागले. मटण इतकं मऊ शिजलेलं की बोटानं तुटत होतं, म्हणाले. मी आत जायला निघाले होते. पण त्याआधी अम्मा उठली. तिनं डबा उघडला नाही. दोन्ही हातांनी उचलून चाचांच्या मांडीवर ठेवला.

"जेवून आलासा न्हवं भावजी. आता ह्ये बी तुम्हीच खावा. आन् ह्या घरात त्याचं नाव पुन्हा नगा काढू."

मी माझ्या आईला दिराशी असं बोलताना जन्मात ऐकलं नव्हतं. चाचा डबा घेऊन गेले. अधूनमधून येतात अजून, अम्मा चहा देते, खारी देत नाही.

संकेश्वरच्या त्या मुलीचा फोन अजून आलेला नाही. मी एकदा चाचांना विचारलं, तिकडं कसं चाललंय. सगळं शांत आहे, म्हणाले.